ते चार तारे कुणाचे? पेण ते रोहा, व्हाया पोपटी

संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरत होते तेव्हा पेणहून वनिताचा फोन आला.

"बाई, तुमी येता काय आमच्याकडं? प्राजू घरी येऊन बसलीय. बोलत नाय, हसत नाय. इचारलं तर म्हनते सुट्टी हाय. एवढी लांब सुट्टी कोन देतं? कोनी पोरगाबिरगा असंल काय हो? तुमाला सांगंल ती."

वनिताची ओळख करून द्यायला हवी. निवृत्तीआधी काही वर्षं मी पेणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. तेव्हा खाडीकडच्या एका गावातली प्राजक्ता अकरावीत माझ्या वर्गात होती. वडील मिठागरावर कामाला, आई वनिता पोह्याचे पापड लाटून विकणारी. माझ्याकडे दुर्बीण आहे हे कळल्यावर ही मुलगी माझ्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर जी आली, ती बारावी संपेपर्यंत येतच राहिली. पुढे पदवी, मग एमएस्सी आणि आता बंगळुरूला पीएचडी. विषय, ताऱ्यांचे पुंज आणि त्यात जन्मणारे तरुण तारे. गावात कुणी विचारलं तर वनिता अभिमानाने सांगायची, "ताऱ्यांच्या बारशाचं शिकतेय."

तर ही बारशाची डॉक्टरीण तोंड मिटून घरी बसली होती. जायलाच हवं होतं.

विजयना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तयार करणं सोपं गेलं. आयुष्यभर विमा कंपनीत आलेले दावे खरे की खोटे हे तपासून ते निवृत्त झाले. आकाशाशी त्यांचं वैर नाही, पण दोस्तीही नाही. मात्र रोह्याला माझे कॉलेजातले जुने सहकारी सुधाकरराव राहतात, त्यांची वाडी आहे आणि दर थंडीत ते तिथे पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगांची मडक्यात भाजलेली मेजवानी, लावतात. "पेण करून रोह्याला जाऊ," एवढं मी म्हटलं आणि विजयनी गाडीच्या टायरची हवा तपासायला घेतली. सुधाकररावांना फोन केला तर ते म्हणाले, "या की! पण दुर्बीण आणा. आळीतली सगळी मंडळी बोलावतो." अमावास्या जवळ आलेली. सगळं जुळून आलं.

पुणे ते पेण

दुर्बिणीचा प्रवास म्हणजे एका हट्टी पाहुण्याचा प्रवास. आठ इंच आरशाची माझी दुर्बीण दोन भागांत जाते. लांब नळी मागच्या सीटवर आडवी, तिला सीटबेल्ट. लाकडी बैठक डिकीत. बाकीचं सामान उरलेल्या जागेत, म्हणजे माझ्या पायाशी.

सकाळी लवकर निघालात तर द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पेणचा फाटा धरावा. घाट उतरल्यावर स्वेटर काढायला लावणारी हवा लागते. रस्ता ठीक आहे, मधेमधे काम चाललेलं असतं, अवजड गाड्या भरपूर, त्यामुळे ओव्हरटेकची घाई करू नका. डावी-उजवीकडे भाताचं कापून झालेलं रान आणि त्यात हिरवे चौकोन दिसतात, ते वालाचे. विजय प्रत्येक चौकोनाकडे बघून समाधानाने मान हलवत होते.

पेणला रामवाडीत एका साध्या लॉजवर उतरलो. गरम पाणी सकाळी मिळतं, चादरी स्वच्छ, भाडं हजाराच्या आत. दुपारी गावात चक्कर मारली. गणपतीला अजून कितीतरी महिने असले तरी पेणच्या कारखान्यांत त्याची सुट्टी नसते. एका लांबलचक शेडमध्ये पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या ओळी वाळत होत्या. त्यांना अजून डोळे नव्हते. पलीकडे एक बाई बारीक कुंचल्याने एका मूर्तीचे डोळे आखत बसल्या होत्या. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. एक डोळा झाला, दुसरा झाला आणि मूर्ती एकदम आमच्याकडे बघायला लागली. विजय नकळत चपला काढून उभे राहिले. पेणला गेलात तर हे चुकवू नका. फोटो मात्र विचारून काढा.

मिठागराच्या बांधावर

चारच्या सुमारास प्राजक्ताच्या गावी पोचलो. शेवटचा रस्ता कच्चा आणि अरुंद आहे, समोरून टेम्पो आला तर कुणालातरी मागे जावं लागतं. आम्हीच गेलो.

वनिताने दारातच माझा हात धरला. आत जिताड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या तयार. खाडीच्या पाण्यातलं जिताडं एकदा खाल्लं की शहरातल्या हॉटेलातली मासळी पचनी पडत नाही, एवढंच सांगते. प्राजक्ता वाढत होती. हसली, पायाही पडली, पण हसू ओठांच्या कडेपर्यंत जाऊन परत येत होतं.

"काय गं, कसं चाललंय काम?"

"चाललंय मॅडम. भाकरी घ्या ना अजून."

विद्यार्थी बोलत नसेल तर त्याला काहीतरी काम द्यावं, हे मला शिकवण्याच्या नोकरीने शिकवलंय. "दुर्बीण लावू या का तुमच्या बांधावर? मला एकटीला उचलवत नाही."

तिचे वडील, गणपतदादा, मिठागरावरच भेटले. मिठाचा हंगाम सुरू व्हायचा होता. खाडीचं पाणी घ्यायच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचं काम नुकतंच थांबलं होतं आणि माणसं पाय धूत होती. चहूबाजूंना सपाट जमीन, एकही झाड मधे नाही. आकाश पाहायला याहून चांगली जागा सापडणं कठीण. नागोठण्याच्या अंगाला क्षितिजावर कंपन्यांच्या दिव्यांचा पिवळसर उजेड होता, पण तो खालीच राहत होता. डास मात्र आहेत, अंगभर कपडे घाला. आणि दव पडतं, आरशासाठी सुती फडकं जवळ ठेवा.

अंधार पडला तसं पूर्वेला मृग वर आलं. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली दुर्बीण लावली आणि आधी वनिताला बोलावलं.

"धुकं दिसतंय बाई. फुंकर मारल्यासारखं. आन मधी चार बारके ठिपके."

"ते धुकं म्हणजे वायू आणि धूळ. त्यातूनच तारे जन्मतात. ते ठिपके अगदी ताजे. दहा-वीस लाख वर्षांचे."

"दहा लाख वर्साचं तान्हं!" वनिता हसली. "प्राजू, ये गो, बग."

प्राजक्ता बांधावर दूर बसली होती. उठली नाही. "मी पाहिलंय गो आई, खूप पाहिलंय."

"तरी बग."

"नको म्हटलं ना!"

आवाज चढला तसे पाय धुणारे दोघे-तिघेही वळून बघायला लागले. वनिता तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने सरळच विचारलं, "पोरगा हाय काय कोनी? फसवलं काय तुला?"

प्राजक्ता रडता रडता हसायला लागली. "पोरगा नाय गो! चार तारे हायत. चार ताऱ्यांनी फसवलंय मला."

मग सगळं बाहेर आलं. एक पुंज आहे, तिच्या अभ्यासाचा. त्यातले तारे काही कोटी वर्षांचे. ताऱ्याच्या लहानपणी त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची एक फिरती चकती असते, तिच्यातूनच पुढे ग्रह होतात. पण ही चकती टिकत नाही, कोटभर वर्षांत बहुतेक ताऱ्यांची संपलेली असते. प्राजक्ताला त्या मोठ्या वयाच्या पुंजात असे चार अंधुक लाल तारे सापडले, ज्यांच्याभोवती चकती शिल्लक होती. ही मोठी गोष्ट होती. तिने परिषदेत सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, परदेशातल्या मोठ्या माणसांनी येऊन हात मिळवले. मग आकाशाची नवी, जास्त अचूक मोजणी जाहीर झाली. तिने आपल्या चौघांची अंतरं पुन्हा काढली आणि ते चौघे पुंजात नव्हतेच. पुंजाच्या बरेच अलीकडे, आपल्या बाजूला उभे होते.

"आई, कुणाच्या लग्नाचा फोटो बघावा आणि समोर उभ्या असलेल्या वाढप्यांना नवरीचे भाऊ समजावं, तसं केलं मी. आणि ते सगळ्या जगासमोर सांगून आले."

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"सर म्हणाले, चूक तूच शोधलीस, उत्तम केलंस, पुढे चल. पण पुढे कुठे? दोन वर्षं त्या चौघांवरच गेली. आता काहीच नाही माझ्याकडे."

वनिताने पदराने तिचं तोंड पुसलं. तिला चकती कळली असेल की नाही, माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी तू चोरी नाय केलीस. कोनाचं वाईट नाय केलंस. मग अशी काय बसलीस घरात, तोंड लपवून?"

प्राजक्ताने त्या संध्याकाळी दुर्बिणीला मात्र डोळा लावला नाही.

नागोठणे, सुकेळी खिंड, खांब

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयची कंबर धरली. आदल्या दिवशी बैठक उचलायचा पराक्रम त्यांनी केला होता. लॉजच्या पलंगावर ते लाकडासारखे पडलेले आणि म्हणत होते, "मी गाडी चालवेन, पण तुझा तो पाट काही उचलणार नाही."

मी वनिताला फोन केला, आज निघतोय म्हणून सांगायला. कंबरेचं ऐकून ती म्हणाली, "प्राजूला न्या. उचलंल ती. रोह्याहून येस्टीनं येईल परत." मागे प्राजक्ताचा निषेध ऐकू येत होता. वनिताचा आवाज त्याहून मोठा होता. तासाभरात मुलगी पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि हातात पापडांचं भलंमोठं पुडकं घेऊन रामवाडीच्या नाक्यावर उभी होती.

पेणहून वडखळ, मग नागोठणे. नागोठण्याहून रोह्याला भिसे खिंडीतून जवळचा रस्ता आहे, पण आम्ही हायवेनेच पुढे गेलो, कारण विजयना खांबजवळची एक टपरी आठवत होती. सुकेळी खिंडीत वळणं आहेत, रुंदीकरणाची धूळ आहे आणि धुळीआड सागाची रानं आहेत. अंबा नदी पुलावरून शांत दिसत होती. पावसाळ्यात ती नागोठण्याच्या बाजारात कशी शिरते, हे प्राजक्ताने तेव्हा पहिल्यांदा आपण होऊन सांगितलं.

खांबची टपरी जागेवर होती. गरम वडे, लसणाची सुकी चटणी आणि कढलेला चहा. तिघांचं पोट दीडशे रुपयांत भरलं. विजय वड्याचा वाफाळलेला तुकडा हातात धरून म्हणाले, "मला एक सांग प्राजक्ता, हे तारे एकेकटे का नाही जन्मत? पुंजच कशाला?"

मी चहा पिता पिता थांबले. आमच्या संसारात त्यांनी विचारलेला ताऱ्यांविषयीचा हा पहिला प्रश्न असावा. मुलीला बोलतं करायला विचारत होते, हे उघड होतं.

"ढग फार मोठा असतो काका," ती म्हणाली. "गार असतो, म्हणून आपल्याच वजनाने खचायला लागतो. खचताना त्याच्या गुठळ्या होतात. एक गुठळी, एक तारा, कधी दोन. असे शेकडो एकदम. त्यातले एकदोन खूप मोठे आणि तापट निघतात. त्यांच्या उजेडाने आणि वाऱ्याने उरलेला ढग उडून जातो. मग धरून ठेवणारं वजनच गेलं, की पुंज सैल पडतो. हळूहळू एकेक भावंड वाट धरतं."

"आपला सूर्यही?"

"बहुतेक. त्याचीही भावंडं असणार कुठेकुठे. आता इतका काळ गेलाय की ओळखणंही अवघड."

विजय गंभीर झाले. मग त्यांनी तिसरा वडा मागवला.

रोहा आणि पोपटी

कोलाडला उजवीकडे वळून रोह्याला. सुधाकररावांची वाडी गावाबाहेर, कुंडलिकेच्या काठाजवळ. नदीचं पाणी थंडीतही भरपूर असतं, धरणाच्या वीजघरातून सुटतं म्हणून. कोलाडला तराफ्यातून उड्या मारणारी मंडळी त्यासाठीच येतात. आमची वयं आणि एक कंबर बघता आम्ही काठावर बसूनच समाधान मानलं.

आता पोपटी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्डीचा पाला. हे रानात उगवणारं झुडूप आहे, त्याला एक उग्र, ओव्यासारखा वास असतो. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि सुकी पानं रचून पेटवायचं. झालं की नाही कळायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात, चर्र करून उडाला की समजायचं. सुधाकररावांचा हा शिंतोडा म्हणजे मोठा समारंभ असतो.

दिवस मावळला तशी आळीतली मंडळी जमली. दहाबारा घरं, त्यात शिफ्ट संपवून आलेले कंपनीतले लोक, आजीआजोबा, मुलं. जाळ एका कोपऱ्यात, दुर्बीण दुसऱ्या कोपऱ्यात, मधे घर आडोशाला. बैठक प्राजक्तानेच उचलून ठेवली आणि "मी पोपटीकडे बघते" म्हणून निघून गेली.

मी आपलं नेहमीचं सुरू केलं. कृत्तिका दाखवल्या. डोळ्यांना सहा-सात दिसतात, दुर्बिणीतून निळसर हिऱ्यांचा ढीग. मग रोहिणीच्या मागचा तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुंज, वयाने बराच थोराड, विस्कटलेला. मग मृगातलं ते तान्ह्यांचं धुकं. लोक रांगेने डोळा लावत होते, "आयला!" म्हणत होते. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात एक बाई, सुधाकररावांच्या शेजारच्या, अंगणवाडीत शिकवतात म्हणे, त्यांनी विचारलं, "तुम्ही वय सांगता ते कसं कळतं? ताऱ्याला काय जन्मदाखला असतो?"

सगळे हसले. मीही हसले आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझं उत्तर पुस्तकी झालं. रंग, तेजस्विता, आलेख. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की काही पोचत नाहीये. "म्हणजे नक्की कसं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा आलेखच काढायला लागले.

"एकट्या ताऱ्याचं वय सांगणं कठीणच असतं." मागून आवाज आला. प्राजक्ता होती, एका हातात वालाची शेंग. "म्हणून तर पुंज लागतो. त्यातले सगळे साधारण एकाच वेळी जन्मलेले, पण वजनं वेगळी. जितका तारा जड तितका तो पटकन जळून संपतो. निळे जड तारे आधी म्हातारे होतात, लाल हलके सगळ्यांत शेवटी. मग आपण बघायचं, या पुंजात कुठल्या वजनापर्यंतचे तारे संपलेत. तुमच्या आळीतल्या मुलांचं बघा. कुणाचे दात आलेत, कुणाचे पडलेत, कुणाला मिसरूड फुटलंय, एवढ्यावरून त्यांची वयं तुम्ही न विचारता सांगाल की नाही? तसंच. फक्त इथे सगळी मुलं एकाच दिवशी जन्मलीत आणि प्रत्येकाची वाढायची चाल वेगळी आहे."

"हां!" बाई म्हणाल्या. "आता कळलं."

मग प्रश्नांचा पाऊसच पडला. ग्रह कधी होतात? तारे एकमेकांवर आपटत नाहीत का? चकती कशाने जाते? प्राजक्ता दुर्बिणीजवळ येऊन उभी राहिली आणि सांगत सुटली. काही चकती ताऱ्यात पडते, काही त्याच्याच उजेडाने उडते, काहीचे ग्रह होतात. पुंजाच्या गर्दीत असलेल्यांना शेजारच्या मोठ्या ताऱ्यांचा तापही सोसावा लागतो. मी हळूच मागे झाले. सुधाकररावांनी मडक्यावर शिंतोडा मारला तो कुणी पाहिलासुद्धा नाही.

पोपटी फुटली. केळीच्या पानांवर वाफाळत्या शेंगा, भाजलेली अंडी. भांबुर्डीचा वास अंगणभर. मी विजयच्या बाजूला बसले, समोर प्राजक्ता. जेवताना अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "तुमचं स्वतःचं काय संशोधन?" मला वाटलं आता ही मिटणार. पण तिने सांगितलं. टाळ्या, चूक, वाढपी, सगळं. स्वतःवर हसत.

विजय शेंगेतले दाणे काढत ऐकत होते. दाव्याची फाइल वाचताना ते असेच दिसायचे. मग म्हणाले, "म्हणजे ते चौघं त्या घरातले नाहीत. मान्य. मग कुणाच्या घरातले?"

"असतील सुटे कुठले तरी काका."

"कसे सुटे? सकाळी खांबला तू म्हणालीस, तारे पुंजात जन्मतात आणि फुटून लांब जायला वेळ लागतो. आत्ता म्हणालीस, चकती आहे म्हणजे तारा तान्हा. मग तान्ही पोरं घरापासून एवढ्या लांब एकटी चालत आली कशी? आणि चारही एकाच दिशेला दिसतायत?"

प्राजक्ताने तोंडात घातलेलं अंडं चावायचं थांबवलं.

"त्यांचं घर जवळच असलं पाहिजे," विजय म्हणाले आणि मला म्हणाले, "ते बटाटे दे इकडे."

"मॅडम," प्राजक्ता हळूच म्हणाली, "पुंजात नाहीत म्हटल्यावर मी त्यांच्याकडे बघणंच बंद केलं. ते एका घरातले असल्यासारखे एकमेकांबरोबर, एकाच चालीने चाललेत का, हे मी तपासलंच नाही."

अंगणवाडीच्या बाईंनी तिच्या पानात आणखी शेंगा घातल्या. तिने त्या खाल्ल्या की नाही, तिलाही आठवणार नाही. अर्ध्या पानावरून उठून ती दुर्बिणीकडे गेली, मृगातल्या त्या धुक्याला डोळा लावला आणि बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. तिचे चार तारे काही तिथे नव्हते. तरी बघत होती.

परतीची वाट

सकाळी उठले तर प्राजक्ता सुधाकररावांच्या ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, शाल पांघरून. आकाशातल्या ताऱ्यांच्या जागा, अंतरं आणि सरकण्याचा वेग यांची ती नवी मोजणी कुणालाही बघता येते, फक्त नेटची रेंज हवी. वाडीवर ती ओटीच्या एका कोपऱ्यातच मिळते.

"दोघं तर नक्की बरोबर चाललेत," तिने मान वर न करता सांगितलं. "तिसरा कदाचित. चौथ्याची मोजणी खराब आहे. आणि आजूबाजूला अजून काही दिसतायत त्याच चालीचे. पण मॅडम, आत्ता काही म्हणायचं नाही हं. या वेळी कुणाला काही सांगायचं नाही."

"कुणाला नाही सांगत. पण चहा घे."

रोह्याच्या एसटी स्टँडवर तिला सोडलं. पेणची गाडी लागलेली होती. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "काका, कंबर सांभाळा!" विजयनी एवढ्या जोरात हात हलवला की कंबर पुन्हा धरली.

आम्ही कोलाड, माणगाव करून ताम्हिणी घाटाने पुण्याला आलो. घाटात संध्याकाळनंतर धुकं उतरतं, दिवसा पार करा. मधे कुठे जेवायला थांबलो नाही. वनिताचे पापड गाडीतच कच्चे खाल्ले. पोह्याचे पापड कच्चेही छान लागतात, हा या सहलीचा अनपेक्षित शोध.

घरी

परत येऊन आता काही आठवडे झाले. प्राजक्ता त्याच आठवड्यात बंगळुरूला गेली. तिच्या सरांनी आधी सगळं पुन्हा दुसऱ्या पद्धतीने करायला लावलं, आणि बरंच झालं. तिघं एकत्र चालतात असं आता ती खात्रीने म्हणते. त्यांच्या चालीचे आणखी काही तारे आसपास आहेत, म्हणजे आपल्या आणि त्या पुंजाच्या मधे तरुण ताऱ्यांचा एक विरळ, लहानसा घोळका असावा. कदाचित तो आधीच कुणाला माहीतही असेल, ते शोधणं चालू आहे. चौथा मात्र वेगळ्याच दिशेने निघालाय. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज केलाय. मिळेल की नाही, कळायला उन्हाळा उजाडेल.

मृगातलं ते धुकं मी आजवर शेकडो लोकांना दाखवलं असेल. एक सुंदर वस्तू म्हणून दाखवलं, बघा आणि पुढच्याला जागा द्या. आता दाखवताना तोंडातून आपोआप निघतं की यातल्या एकालाही ठाऊक नाही, आपण शेवटी कुठे जाऊन पोचणार. लोक जरा जास्त वेळ डोळा लावून ठेवतात.

परवा वनिताचा फोन होता.

"बाई, प्राजूचा फोन आल्ता. तासभर बोलत व्हती. सगळं ताऱ्यांचंच."

"काय म्हणाली?"

"मला काय कळतंय! मी भाकऱ्या थापत व्हते, फोन बाजूला ठेवून. व्हय व्हय म्हनत व्हते. पन एक इचारलं मी तिला. म्हटलं, तिघांचं झालं गो, त्या चौथ्याचं काय?"

"मग?"

"म्हनाली, शोधतेय."